नामदेवरावांचा ‘हं’

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. ज्योतीकाकूंनी स्वतः सांगितलं, आणि काकूंना थापा मारता येत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. हैदराबाद, बरकतपुरा, दुसरा मजला. रात्र नव्हती... भर दुपार होती.

काकूंचे यजमान हिम्मतराव, म्हणजे आमचे काका, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. समोर एका जुन्या भाष्याची पोथी. शेकडो वर्षं सगळे म्हणत आले, हे भाष्य आचार्यांचं. काका सिद्ध करणार होते की ते त्यांच्या शिष्याचं आहे. कारण भाष्यात ज्या ग्रंथाचं खंडन आहे, तो लिहिला गेला तेव्हा आचार्य हयातच नव्हते.

पण हे काकांना सुचलं नव्हतं.

सुचलं होतं नामदेवरावांना.

नामदेवराव काकांचे सहकारी. वर्षानुवर्षं दोघं मिळून पोथ्या ताडून बघायचे. काका पोथीतून वाचायचे, नामदेवराव छापील प्रतीवर बोट ठेवून ऐकायचे. ओळ जुळली की सुपारीच्या डबीचं झाकण... टक्. मग, “हं.” चुकली की गप्प. काका पुन्हा नीट वाचेपर्यंत गप्प.

काका त्यांच्यावर जळायचे. विद्यार्थी त्यांच्याकडे, मान त्यांना. घरात चहाचा पहिला कपसुद्धा काकू “घ्या भाऊजी” म्हणत त्यांच्याच हातात द्यायच्या. त्या दिवाळीआधीच्या पावसाळ्यात नामदेवराव गेले. काका रडले. पण खरं सांगायचं तर, त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

तर त्या दुपारी काका एकटेच मोठ्यानं वाचत होते. सवयच ती.

एक ओळ संपली.

टक्...

“हं.”

आतून काकूच असणार. काका वाचत गेले. प्रत्येक ओळीला, “हं.”

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. काकू दारात, हातात कोथिंबीर.

“कुठं गेली होतीस?”

“भाजीच्या बंडीवाल्याकडं. हौ, तास झाला की. तोंड असं काऊन झालं तुमचं?”

काका घाबरले होते. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मेल्यावरही हा माझ्याच घरात! त्यांनी आपल्या येणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना उचलली आणि हट्टानं वाचली.

“हे भाष्य आचार्यांचं नाही.”

टक्... “हं.”

काकूंच्या हातातली जुडी खाली पडली. त्यांनीही ऐकलं होतं.

“ते त्यांच्या शिष्याचं आहे.”

“हं.”

“हे सर्वप्रथम मी शोधून काढलं.”

...

काहीच नाही.

काकांनी पुन्हा वाचलं. गप्प.

“अहो,” काकू हळूच म्हणाल्या, “ते परत वाचा म्हणू लागले. भाऊजींचं नाव टाका की. शिष्याचं नाव पुसलं म्हणून जगाला नावं ठेवता, न् तुम्ही काय करू लागले?”

“नक्को!” काका ओरडले. “जन्मभर त्याचंच नाव ऐकलं. एवढं एक तरी माझं असू दे!”

पुस्तक छापून आलं. काकांच्याच नावानं. सत्कार झाला, शाल मिळाली.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. काका पुस्तकातलं तेच एक वाक्य वाचत होते. थांबत होते. पुन्हा वाचत होते. आवाज पार बसला होता.

काकूंनी चहा आणला. पहिला कप त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

“घ्या भाऊजी.”

टक्...

“हं.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

मी काकांकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नुसती जळजळ होती. त्यांनी पुस्तक जवळ ओढलं आणि पुन्हा तेच वाक्य वाचलं.

आम्ही तिघंही वाट बघत बसलो. चहा गार झाला...