तीस जणांची उजळणी

एकतान विद्यालयाच्या गोल दालनात दुपारी तीस मुलं झोपली होती. प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक जाळीची तरंगटोपी होती आणि तिसांचे श्वास एकाच वेळी वरखाली होत होते. काचेपलीकडून ते पाहताना सुनेत्रा टिपणीसच्या अंगावर काटा आला. तो कौतुकाचाच असणार, असं तिने ठरवून टाकलं. शिकलेल्या माणसांना कधीकधी स्वतःची भीतीही ओळखता येत नाही.

सुनेत्रा नाशिकजवळच्या एका द्राक्ष संशोधन केंद्रात आनुवंशशास्त्रज्ञ होती. घरात ती आणि पाच वर्षांची शाल्मली, दोघीच. शाल्मलीच्या या नव्या शाळेत फळा नव्हता, पुस्तकं नव्हती, गृहपाठ नव्हता. सकाळी सगळ्यांना मिळून प्रत्येक गोष्ट एकदाच सांगायची आणि दुपारी सगळ्यांनी एकत्र झोपायचं, एवढाच अभ्यासक्रम. एकदा ऐकलेलं कोणी विसरत नसे. महिन्याभरात शाल्मली पाढे म्हणू लागली, तबल्याचे बोल म्हणू लागली आणि भाजीवाल्या मावशींशी अस्सल अहिराणीत घासाघीस करू लागली. सुनेत्राला आकाश ठेंगणं झालं. शेजारच्या जयमाला आहेरच्या मागे लागून तिच्या ओजसलाही तिने तिथेच घालायला लावलं.

मग एका सकाळी शाल्मली म्हणाली, "आई, तुम्ही माझी पाण्याची बाटली भरलीत का?"

"अगं, मला तुम्ही काय म्हणतेस?" सुनेत्रा हसली. शाल्मली हसली नाही. रात्री जेवताना सुनेत्राने नेहमीप्रमाणे तिच्या भातात आमटीसाठी तळं केलं. हा दोघींचा रोजचा खेळ होता. शाल्मलीने चमच्याने ते तळं बुजवलं आणि "असं का करता?" म्हणून अदबीने विचारलं.

दुसऱ्याच दिवशी ती शाळेचे संस्थापक, मेंदूशास्त्रज्ञ डॉ. केंजळे यांच्यासमोर जाऊन बसली.

"झोपेत मेंदू आठवणींची उजळणी करतो," केंजळे म्हणाले. "उजळणी झाली ते टिकतं, राहिलं ते पुसट होतं. टोपी नवं काही डोक्यात घालत नाही. ती फक्त तीस मेंदूंना एका लयीत आणते. एकाची उजळणी सुरू झाली की ती आठवण ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्यांची सुरू होते."

"म्हणजे सगळ्यांना माहीत असलेलं तीसपट घोकलं जातं. आणि एकीलाच माहीत असलेलं?"

"एकपट."

"मग ते मागे पडत जाणार. लहान वस्तीतला दुर्मिळ वाण असाच नाहीसा होतो." सुनेत्रा खुर्चीत पुढे सरकली. "डॉक्टर, आई तर एकाच मुलाला माहीत असते."

"हो. शिक्षिका तिसांना माहीत असतात," केंजळे शांतपणे म्हणाले. "मुलांना त्याचा त्रास होत नाही. विसरलेल्याची आठवण काढणार कोण?"

"मी तिला आजच्या आज काढते शाळेतून."

"काढा. पण लय एकदा बसली की घरच्या झोपेतही तीच चालते. ती घरी राहूनही हेच घोकेल."

दुसरी कोणी असती तर तिथेच रडली असती. सुनेत्राने हिशेब मांडला. वाण वाचवायचा तर तो शेजाऱ्यांच्या मळ्यांतही लावावा लागतो. तिने केंद्रातून लांब रजा घेतली आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम मागितलं. मुलं जेवणाला कुरकुरतच होती, त्यामुळे केंजळ्यांनी आनंदाने दिलं. रोज दुपारी झोपेआधी ती तिसांनाही स्वतःच्या हाताने वरणभाताचे घास भरवू लागली. शाल्मली तिला आई म्हणे, म्हणून हळूहळू बाकीचीही आई म्हणू लागली. तिने कोणालाच टोकलं नाही.

पावसाळा सरता सरता एक दिवस शाल्मली धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. "आई, तू मला शेवटी का भरवलंस?" ते 'तू' ऐकून सुनेत्रा पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. इतकं सुख तिला शाल्मलीच्या जन्माच्या दिवशीही झालं नव्हतं.

त्याच संध्याकाळी शाळेची गाडी बिघडली, म्हणून जयमाला ओजसला न्यायला स्वतः आली. सुनेत्रा फाटकाशी उभी होती. एका हाताला शाल्मली, दुसऱ्या हाताला ओजस.

"बरं झालं बाई तू इथे असतेस," जयमाला म्हणाली. "हा हल्ली माझ्याशी धड बोलतच नाही. रुसलाय कशावर तरी. चल रे राजा."

ओजसने तिच्याकडे नीट पाहिलं. "काकू," तो म्हणाला, "तुम्ही कोणाला न्यायला आलात?"

जयमाला हसली. मग तिने सुनेत्राकडे पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं. "सुनेत्रा, असं काय बोलतोय गं हा? सांग ना त्याला."

सांगणं अवघड नव्हतं. ही तुझी आई, मी नाही, असं रोज सांगत राहिलं असतं तर पोराला कदाचित पटलंही असतं. पण मग शाल्मलीच्या झोपेत एक उजळणी कमी झाली असती. आज ओजस, उद्या आणखी कोणी.

जयमालाने ओजसचा दंड धरून त्याला आपल्याकडे ओढलं. ओजस घाबरून रडू लागला.

सुनेत्राने त्याचा हात सोडला नाही.