उरलेल्या कड्या

‘अभ्युदय’ अवकाशस्थानकाच्या प्रयोगशाळेत विभावरी टिल्लू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. भिंगाखाली पितळेचा एक चपटा तुकडा होता. आठवड्यापूर्वी स्थानकाबाहेर काम करताना तो शार्दूल गावंडेच्या अवकाशपोशाखात शिरला, आणि शार्दूल संपला.

“मॅडम, उपग्रहात पितळ कोण वापरतं?” तिने पृथ्वीवरच्या डॉ. परांडेंना विचारलं. अवकाशकचऱ्याच्या मागे बाईंची हयात गेली होती.

“कुणी नाही गं. पितळ पडद्याच्या कड्यांना वापरतात.”

दोघींनी उद्घाटनाची जुनी चित्रफीत लावली. नऊ वर्षांपूर्वी स्थानकाच्या बाहेरच्या भिंतीवर कोनशिलेचं अनावरण झालं होतं. पडदा झोकात ओढला गेला, आठ कड्या तुटून उडाल्या, खाली टाळ्या पडल्या.

“पण कड्या आपल्याच वेगाने फिरणार ना?”

“सुरुवातीला. उंचीत जरासा फरक पडला, की कक्षेचं प्रतल वेगळ्या गतीने वळतं. नऊ वर्षांत त्यांची वाट आपल्याला आडवी आली. आता गाठ पडते ती सेकंदाला तीन किलोमीटरने. रडारला एवढंसं काही दिसत नाही. आणि तुमच्या उंचीवर हवा नावापुरतीच, शंभर वर्षं तरी त्या खाली यायच्या नाहीत.”

“म्हणजे सात अजून आहेत.”

“आहेत.”

दोघींनी अहवाल पाठवला : कड्या सात, धोका कायम, बाहेरची कामं थांबवा. संचालक राजाध्यक्षांचं उत्तर आलं : अहवालाची योग्य ती दखल घेतली आहे. शार्दूलच्या स्मृतिफलकाचं अनावरण विभावरीच्या हस्ते.

“सर, निदान पडदा नको.”

“अहो टिल्लू, पडद्याशिवाय अनावरण कसलं?”

मालवाहू यानातून फलक पडद्यासकटच आला. यंत्रहाताने तो भिंतीवर बसवला.

विभावरी बाहेर पडली. सातांपैकी एखादी कडी या क्षणी येत असली तरी कळायला मार्ग नव्हता. कळेपर्यंत विभावरीच उरली नसती. तिने या पडद्याच्या आठही नव्या कड्या एकेक करून दोऱ्यात ओवल्या आणि दोरा मनगटाला तीन गाठी मारून बांधला. मग पडदा ओढला. एकही कडी सुटली नाही.

“बघ रे शार्दूल,” ती पुटपुटली.

खाली टाळ्या पडल्या.

फलकावर सर्वांत वर संचालकांचं नाव, ठळक. त्याखाली ‘कै. शार्दूल गावंडे’. त्याखाली सात रिकाम्या ओळी, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला ‘कै.’ आधीच कोरलेलं.

“दखल घेतलीये म्हटलं होतं ना,” कानात राजाध्यक्ष म्हणाले. “सात पुरतील ना? आकडा तुमच्याच अहवालातला आहे.”