नटीच्या आत्मचरित्रातली बंद पानं

पुस्तकं बांधून देणाऱ्या बाईला एकच वेड होतं, जुन्या नटनट्यांच्या आत्मचरित्रांचं. कोण कुठल्या सेटवर रडलं, कुणी कुणाची पत्रं जाळली, हे तिला सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त ठाऊक. एका नटीचं पुस्तक मात्र तिला कधीच मिळालं नव्हतं. ते छापून आलं त्याच आठवड्यात मागे घेतलं होतं. त्याची एक प्रत एका वारलेल्या रसिकाच्या कपाटात आहे असं कळलं, तेव्हा ती भरलं ताट तसंच ठेवून निघाली.

दार त्याच्या वहिनीनं उघडलं. "भावोजींना जाऊन आठ महिने झाले. न्या सगळी पुस्तकं. मला त्या खोलीत पाऊल टाकवत नाही."

"का हो?"

"वास येतो..."

खोलीत भर दुपारचं ऊन होतं. वास मात्र कित्येक दिवस न धुतलेल्या तोंडाचा, आंबूस. बाईनं एक पुस्तक उघडलं. पानांचे कोपरे थुंकीनं पिवळे, लिबलिबीत झालेले. फोटोंत साड्या होत्या, दागिने होते, चेहरे नव्हते. त्या जागी कागदाला नुसती लव आलेली.

"चाटायचे..." वहिनी उंबऱ्यावरूनच पुटपुटली. "प्रेमानं चाटतो म्हणायचे. आम्ही काय बोलणार?"

बाईनं हातातलं पुस्तक टाकून दिलं. पण खालच्या खणात नटीचं ते पुस्तक होतं, अगदी कोरं. तेवढं एक पिशवीत टाकून ती पळालीच.

घरी तिनं दोनदा हात धुतले आणि पुस्तक टेबलावर घेतलं. शेवटच्या प्रकरणाच्या कडा छापखान्यात कापायच्याच राहिल्या होत्या. पानं घडीत बंद. म्हणजे तिथवर कुणाची नजरसुद्धा पोचली नव्हती. तिला हायसं वाटलं. आधीची प्रकरणं ती अधाशासारखी वाचत सुटली.

मध्येच तोंड कडवट झालं. बघते तर बोट जिभेवर! इतक्या वर्षांच्या धंद्यात तिनं थुंकी लावून एक पान उलटलं नव्हतं. किळस येऊन ती मोरीकडे धावली आणि थुंकली. कागदाचा मूठभर लगदा पडला. राखाडी, शाईनं माखलेला. त्याला तोच आंबूस वास.

ती टेबलाशी आली. पुस्तक चुलीत घालावं असं शंभरदा वाटलं. पण नटीनं शेवटी काय लिहिलं होतं? ते कळल्याशिवाय राहवेना. तिनं सुरी घेतली आणि पहिली घडी कापली.

आत नटीचा म्हातारपणीचा फोटो होता. खुर्ची, काठी, पांढरा अंबाडा. चेहरा नव्हता. तिथं कागद ओला होता. बोट लागलं तर कोमट.

पुढची घडी अजून बंद होती. बाई बघत असतानाच ती आतून हळूहळू ओली होत गेली.