रस्ता माझा, कागद तुझा

हे खरं घडलेलं आहे. पटवून द्यायचा माझा आग्रह नाही, पण कल्पना म्हणून वाचणार असाल तर इथेच थांबलेलं बरं.

बाबांना जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. हौशी लोकांच्या कार रॅलीतला शेवटचा टप्पा, डोंगरातला जंगलरस्ता, दिवस मावळायला आलेला. गाडी बाबांची. चालवत होता माझा मोठा भाऊ. शेजारी मी.

कॉलेजात असल्यापासून मी बाबांची सहचालक होते. बाहेरच्यांना हे काम विचित्र वाटतं, कारण सहचालक रस्ता बघतच नाही. मान खाली घालून मांडीवरच्या नोट्समधून पुढचं वळण आधीच वाचून दाखवायचं, आणि गाडी कुठवर आली ते सीटखालच्या धक्क्यांवरून ओळखायचं. मान वर केली की ओळ चुकते. ओळ चुकली की दरी.

"रस्ता माझा, कागद तुझा," बाबा म्हणायचे. प्रत्येक वळणाला हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर त्यांचं उत्तर एवढंच यायचं... "हं."

ही रॅली त्यांना कधीच पुरी करता आली नव्हती. दर वर्षी गाडी कुठेतरी मान टाकायची. दादाला ती त्यांच्यासाठी पुरी करायची होती. मलाही.

त्या दिवशीही सकाळपासून गाडीने छळ मांडला होता. आधी क्लच. मग पाणी तापलं. मग फ्यूज उडायला लागले. ही गाडी नाही, बाबांची लाडकी लेक आहे, असं दादा मला ऐकू जाईल अशा बेताने आमच्या गाडीच्या मिस्त्रींना म्हणाला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी फ्यूज उडवणारा इंटरकॉमच काढून टाकला आणि मला ओरडून वाचायला सांगितलं. माझ्या बाजूचं दार लागत नव्हतं, ते त्यांनी बाहेरून तारेने आवळलं. नियमात बसत नव्हतं, पण कुणी पाहिलं नाही.

टप्प्यात शिरलं की मागे फिरता येत नाही. मागून एकामागून एक गाड्या सुटत असतात.

अर्ध्यावर धुकं आलं.

आणि इंजिन बंद पडलं.

दादाने गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढून मागे टाकलं. "बसा, मास्तरीणबाई. पाण्याचा होज सुटलाय बहुतेक."

बॉनेट वर गेलं. समोर नुसता लाल पत्रा. पलीकडून पान्याचा आवाज येत होता... टक्... टक्...

मग तो येईनासा झाला.

मी हाक मारली. पुन्हा मारली. पट्ट्याचं बक्कल दाबलं... उघडेना.

तेवढ्यात शेजारचं दार बंद झालं. सीट दबली. गाडी त्या बाजूला चांगलीच कलली. दादा अंगाने काटकुळा आहे, हे मला नंतर सुचलं.

इंजिन सुरू झालं. मी सवयीने मान खाली घातली आणि वाचू लागले.

"लांब उजवं, पुढे आवळतं."

"हं."

आवाज कानात आला होता... आणि इंटरकॉमची सुटी वायर माझ्या मांडीवर पडलेली होती.

मी पुढची ओळ वाचली. का, ते सांगता येत नाही. पुन्हा "हं". वळणाच्या थोडं आधीच ब्रेक, मग सोडणं, मग गाडीने अलगद घेतलेली उडी... दादाला असं चालवता येत नाही. हे चालवणं माझं अंग ओळखत होतं.

मला भीती वाटली नाही, हेही लिहायला हवं. मी वाचत गेले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच सगळं जागच्या जागी होतं.

मग लक्षात आलं...

दादा.

दादा मागे रस्त्यावर राहिला होता. धुक्यात. आणि मागून गाड्या येत होत्या.

दार तारेने बांधलेलं. बक्कल घट्ट. मान वर करायची सोय नाही.

"बाबा, दादा मागे राहिलाय."

"हं" आलं नाही. वेग वाढला.

मी पुन्हा सांगितलं. थांबा म्हटलं. कानात नुसता श्वास... आणि मग, अगदी शांतपणे,

"वाच."

या आवाजासाठी मी दोन महिने फोनमधले त्यांचे जुने निरोप ऐकत होते.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. न वाचणं. धुक्यात नोट्स ऐकू आल्या नाहीत तर चालवणाऱ्याला थांबावंच लागतं. नाहीतर...

मी कागद मिटले. डोळेही.

"वाच, बाळा."

मी दात घट्ट आवळून बसले. गाडी गरगरल्यासारखी झाली, आणि तरी मी वाचलं नाही...

काचेवर थापा पडत होत्या.

दादा होता. त्याने पकडीने तार तोडली, बक्कल सोडवलं आणि मला बाहेर ओढलं. बॉनेट अजून वरच होतं. सुटलेला होज तसाच लोंबत होता. गाडी जागची हललीच नाही, तो म्हणाला. आत बसून मी एकटीच मोठमोठ्याने वाचत होते आणि त्याच्या हाका मला ऐकू जात नव्हत्या.

आम्ही गाडी तिथेच सोडली आणि कडेकडेने चालत निघालो. बऱ्याच वेळाने मी त्याला विचारलं, माझं दार बांधलेलं होतं, मग तू तुझ्या दाराने आत का नाही आलास?

तो थांबला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"आलो होतो," तो म्हणाला. "दार उघडलं. सीटवर जागा नव्हती."

त्यापुढे तो आजवर बोललेला नाही, आणि मी विचारलेलं नाही. आईला गाडी बंद पडली एवढंच सांगितलं. याही वर्षी, ती म्हणाली, आणि आत गेली.

वाचलं असतं तर आम्ही कुठे पोहोचलो असतो, याचा विचार मी करत नाही.

पण त्या धुक्यात बाबांना मी अर्ध्या वाटेवर थांबवलं. पुढचं वळण त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. ते अजून तिथेच थांबलेले असतील का...

हे मी कुणाला विचारू?