नाते : नाही

"ह्या बाई तुमच्या कोण?" करसल्लागार सासऱ्यांनी चष्म्यावरून जावयाकडे पाहत विचारलं आणि खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसलेल्या ताईने मान वर केली...

जावयाने, तिच्या धाकट्या भावाने, तोंड फिरवलं. शेजारी त्याची बायको होती. दातांचा डॉक्टर झालेल्या त्याने लग्न ठरताना या घरात सांगितलं होतं, की मला मागेपुढे कुणी नाही! इस्पितळाच्या धुलाईखान्यात रक्ताने माखलेल्या चादरी उकळणारी, नवऱ्याने टाकलेली बहीण सांगायची त्याला लाज वाटली होती. आणि ताईने तेही मुकाट गिळलं होतं. नवऱ्याने तरी का टाकलं? अंगावरचं सोनं परस्पर विकून तिने याचीच फी भरली म्हणून! पुढे दवाखाना थाटायलाही तिने बारा वर्षांची पुंजी रोख त्याच्या ओंजळीत ओतली, आणि आता कर खात्याची नोटीस आली होती : ही रक्कम दिली कुणी? त्या उत्तराखाली सही करायलाच तिला इथे बोलावलं होतं.

"बक्षीस सख्ख्या नात्यातलं असेल, तर घेणाऱ्याला छदामाचाही कर नाही," सासरे म्हणाले. "परक्याने दिलं असेल, तर सगळ्या रकमेवर कर, वर दंड. म्हणून विचारतोय."

एक शब्द! नुसतं 'बहीण' म्हटलं की झालं... ताईच्या काळजात वेडी आशा पालवली. कराच्या धाकाने का होईना, आज तो मला आपली म्हणेल!

"परक्या आहेत," तो म्हणाला. "कर भरतो मी."

"परकी बाई एवढे पैसे का देईल?" सासऱ्यांचा आवाज कडक झाला. बायकोच्या ओठांवर किळस उमटली.

"आमच्याकडे कामाला होत्या. आईने उष्टंखरकटं घालून जगवलं, त्याची फेड केली असेल."

आई! मरताना याच पोराला तिने ताईच्या ओटीत घातलं होतं!

"खरं का हो, बाई?"

भावाच्या कपाळावर घाम डवरला होता... ताईला तो दिसला.

"खरं आहे, साहेब," ती म्हणाली. "ह्यांच्या घरचं मीठ खाल्लंय मी."

कागदावर 'नाते' या शब्दापुढे सासऱ्यांनी 'नाही' लिहिलं. सोड्याने सालटी निघालेल्या बोटांनी तिने खाली सही केली आणि पाणीही न पिता ती उठली.

जिन्यात मागून धावती पावलं आली. "ताई!" तो तिच्या पायांशी कोसळला. "मला माफ कर गं... मी पापी आहे, ताई!"

सारा अपमान क्षणात वितळला. "वेडा रे माझा," म्हणत तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं... किती वर्षांनी!

तेवढ्यात वरून त्याच्या बायकोची हाक आली, "कुणाशी बोलताय हो?"

त्याने ताईचे हात झटकले, गुडघे पुसले.

"कुणाशी नाही!" तो ओरडला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

ताई कठड्याला धरून खाली उतरू लागली. दोनची पाळी गाठायची होती.