स्वेटर कोणी घातला?

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर होता होता राहिली.

"वर जाऊ नका," तो म्हणाला. "एक बाई मेलेल्यांशी बोलते म्हणे. आमच्या वहिनीला पार नादी लावलंय तिनं."

"अगंबाई... दिसते कशी हो?"

"असेल कोणी केस मोकळे सोडलेली म्हातारी."

तिनं वेणी पाठीवर टाकली आणि वर जाऊन आपल्या खुर्चीत बसली. वहिनीला न्यायला मागोमाग आलेल्या त्याचा चेहरा असा उतरला, की तिला हसू आवरेना. पण त्या दिवशीच्या बैठकीतही तिला गेलेल्यांचं काही ऐकू आलं नाही.

तिची रीत साधी होती. गेलेल्या माणसाच्या अंगावरची वस्तू हातात धरायची, डोळे मिटायचे आणि आत उमटेल तेवढंच सांगायचं. कितीतरी दिवसांत काही म्हणजे काही उमटलं नव्हतं. "दोन गोड शब्द मनाचे घाल की," असं मावशी म्हणायची. मावशीनंच तिला वाढवलं होतं. पण ते तिला जमणारं नव्हतं. वहिनीला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आपण नोकरी धरतोय ते गेलेल्या नवऱ्याला आवडेल का. पुढच्या बैठकीलाही काही आलं नाही, तर हे काम कायमचं बंद, असं तिनं ठरवून टाकलं.

तो आठवडा काही धड गेला नाही. दूध उतू गेलं, किल्ल्या हरवल्या. तो समोरच्याच चष्म्याच्या दुकानात असायचा, आणि मेली नजर तिकडेच जायची.

"चष्मा करायचाय?" एकदा त्यानं दारातूनच विचारलं.

"माझं काम डोळे मिटून असतं."

"मग मिटल्या डोळ्यांनी माझ्या मनातलं सांगा."

"तुम्ही जिवंत आहात ना अजून..."

"हल्ली खात्री वाटत नाही."

बैठकीला मावशीही कोपऱ्यात बसली होती; वहिनीनं नवऱ्याचा स्वेटर आणला. तिनं तो हातात घेतला, डोळे मिटले – आणि आलं! अशी धडधड, की तिचाच श्वास अडकला. जिना दिसला. वेणी दिसली. हसू दाबणारी एक मुलगी... ती स्वतःच!

"काय म्हणताहेत हे?" वहिनी पुढे सरकली.

काय सांगणार, कपाळ? तुमच्या यजमानांचा जीव माझ्यावर जडलाय म्हणून?

"वहिनी... हा स्वेटर कोणी घातला होता का?"

"छे. कपाटातच असतो."

दाराशी कोणीतरी खाकरलं. "थंडी होती गं," तो पुटपुटला. "आठवडाभर मीच..."

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्या लाल झालेल्या कानांकडे. आणि किती दिवसांनी कोण जाणे, ती तोंडावर हात ठेवून खुदकन हसली. "नोकरीचं माझं मी ठरवते," ती म्हणाली. "तुम्ही आधी भाऊजींचं बघा. मावशी, चला, आपण आत बसू."

खोलीत दोघंच उरले.

"खरंच काही दिसलं?"

"सगळं."

"मग सांगून टाका ना... माझी तरी सुटका होईल."

तिनं स्वेटरची घडी घालून त्याच्या हातात दिली. "गेलेल्यांना तोंड नसतं, म्हणून त्यांचं मी बोलते. तुम्हाला आहे."

मग अडखळत, दोनदा पहिल्यापासून सुरू करत, तो बोलला. आणि तिनं ते डोळे उघडे ठेवून ऐकलं.