अपांच्या पायाची जागा

विल्फ्रेदोचा आवाज मला आवडायला लागला, तोवर त्याचा चेहरा मी जेमतेम दीड मिनिट पाहिला होता. आमच्या दोघांच्या मध्ये गाडीचं बॉनेट उभं होतं. पलीकडे तो, इंजिनवर वाकलेला. अलीकडे मी, स्टिअरिंगमागे, उजवा पाय पेडलवर.

"दाब... हळू. अजून हळू. अंड्यावर पाय ठेवल्यासारखा."

"फुटलं तर?"

"आम्लेट खाऊ. दाब."

ते दीड मिनिट सोमवारचं. नोव्हेंबरात आमच्या लोरेन गावात तळं, आभाळ आणि पोलाद कारखान्याची भिंत यांचा रंग एकच असतो, आणि त्या दिवशी वर बारीक पाऊस. धुराच्या तपासणीत नापास झालेली गाडी घेऊन मी परतत होते आणि रेल्वे फाटकापाशी तिने आचके दिले... एक, दोन, आणि बंद. समोरच्या गॅरेजातून एक माणूस आला, काही न विचारता मागून खांदा लावला आणि ओरडला, "ब्रेकवरचा पाय काढा हो बाई, मी बैल नाही!"

मी पाय काढला. लाजले नाही, मी एकोणतीस वर्षांची होते आणि माझ्याकडे लाजायला वेळ नव्हता. पुढच्या सोमवारी सकाळी आठला दोन तासांवरच्या कोलंबस शहरात नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. काम इथल्यासारखंच, दातांच्या दवाखान्यात, पण तिथे तीन गावांत तीन दवाखाने आणि नोकरीची अटच स्वतःच्या गाडीची. माझ्यामागे दुसरी मुलगी तयारच होती. शनिवारी दुपारी बाराच्या आत गाडी पास झाली नाही, तर नंबरप्लेट बाद आणि जागा तिची.

गाडी अपांची. अपा म्हणजे माझे वडील, ऑगस्टमध्ये गेले. चौऱ्याऐंशी सालची, आता बारा वर्षांची झालेली निळी वॅगन, कार्ब्युरेटरवाली, पण त्या काळच्या फॅशनीप्रमाणे त्या कार्ब्युरेटरलाही एक छोटा कॉम्प्युटर जोडलेला. पेडल किती दाबलंय हे त्या कॉम्प्युटरला सांगणारा अंगठ्याएवढा सेन्सर कार्ब्युरेटरच्या पोटात बसतो. विल्फ्रेदोला पहिल्या दिवसापासून त्याचाच संशय होता.

"तुमच्याकडे टाचणी आहे?" त्याने विचारलं होतं.

माझ्या कोटाची उसवलेली किनार मी टाचणीनेच धरून ठेवली होती. काढून दिली. वायर न कापता मागून टाचणी खुपसायची आणि तिला मीटर लावायचा, अशी त्याची पद्धत. मीटर जुना, काट्याचा. "आकडेवाले मीटर उड्या मारतात," तो म्हणाला. "काटा लपवत नाही. लाजला तरी दिसतो."

"तुम्ही लाजता का कधी?"

"बॉनेट वर आहे तोवर नाही."

इंजिन बंद, किल्ली फिरवलेली. मी दाबायचं, त्याने काटा पाहायचा. साधारण अर्ध्या व्होल्टपासून निघून तो साडेचारपर्यंत एकसंध चढला पाहिजे. सोमवारी चढला नाही, मध्येच कुठेतरी पडला. मंगळवारी तो म्हणाला, पुन्हा पाहू. बुधवारी म्हणाला, नवा सेन्सर मागवलाय, येईल. तोवर आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो आणि माझी दुपारची सुट्टी रोज तिथेच जात होती. बॉनेटपलीकडून त्याने मला सांगितलं की तो पाच वर्षांचा असताना, जिथे बर्फ कधी पडत नाही त्या पोन्सेहून इथे आला आणि बर्फाला त्याने साखर समजून चाटलं. मीही सांगितलं की मला झोपेत दात खाणारी माणसं चेहऱ्यावरून ओळखता येतात.

"मी खातो?"

"चेहरा दाखव, मग सांगते."

"...दाब."

गुरुवार संपेपर्यंत त्याने मला एकशे अकरा वेळा 'दाब' म्हटलं होतं. मला मोजायची खोड आहे. कोणता माणूस काय किती वेळा बोलतो हे मोजलं की तो काय बोलत नाही ते आपोआप कळतं.

शुक्रवारी तो कुणाची तरी गाडी सोडायला गेला होता. ऑफिसात त्याची मावशी नेरेइदा केळ्याच्या वड्या तळत बसली होती. एक माझ्या हातात देऊन म्हणाली, "पोरी, हा सेन्सर बसवायला माझा भाचा वीस मिनिटं घेतो. तुझा पाचवा दिवस आहे ना?"

"नवा आलेला नाही अजून."

"आलेला नाही?" तिने खण उघडला. डबा होता. वर शिक्का बुधवारचा.

वडी मी परत ताटलीत ठेवली. त्या नोकरीसाठीची माझी दोन वर्षांची धडपड त्या खणात पडली होती, पावतीपुस्तकाखाली. तो परतला तेव्हा मी गाडीत जाऊन बसले होते. बॉनेट वर.

"दाब," तो म्हणाला.

"डबा कधी आला, विल्फ्रेदो?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"बुधवारी."

"माझी नोकरी जाईल हे माहीत होतं तुला."

"उद्या दहाला तपासणीची वेळ घेऊन ठेवलीय. तुझ्या नावाने. बुधवारीच घेतली." मग म्हणाला, "चुकलं माझं. पण एकदा इकडे ये. काटा पाहा."

मी उतरले. पहिल्यांदाच मी त्या बाजूला गेले. तो पेडलला जोडलेला थ्रॉटल हाताने फिरवू लागला, आणि काटा चढता चढता एका ठिकाणी धपकन खाली पडला, पुन्हा वर आला. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच.

"आतली पट्टी झिजते," तो हळूच म्हणाला. "जिथे पाय सगळ्यात जास्त वेळ असतो, तिथेच. ही जागा बघ... साधारण ताशी पंचवीस मैलांची. बारा वर्षं या माणसाने पंचविसावर गाडी चालवलीय. कुठे जायचे ते?"

दाढेवरचा खड्डा पाहून मी माणसं ओळखते. मला हे समजायला दुसरं वाक्य लागलं नाही. अपा निवृत्त होते. ते कुठेच जायचे नाहीत. ते फक्त मला कामावर सोडायचे आणि परत आणायचे. तळ्याकाठचा रस्ता, पंचेचाळीसची पाटी, आणि आम्ही पंचविसावर. मागून हॉर्न. मी रोज चिडायचे, "अपा, दाबा ना जरा!" ते म्हणायचे, "गाडी जुनी आहे गं."

गाडी जुनी नव्हती. निदान तेव्हा नव्हती.

मी रडले, बॉनेटखालीच, आणि नाक कोटाला पुसलं. विल्फ्रेदोने मला हात लावला नाही. म्हणाला, "सोमवारीच दिसलं होतं. काढून टाकायचं म्हणजे... हात धजेना. आणि खोटं कशाला बोलू, काढला की तू जाणार होतीस."

"बसव," मी म्हणाले.

त्याने वीस मिनिटांत बसवला. मग बारीक स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत काटा बरोबर जागी आणला. मी दाबत गेले. काटा खालून वर असा गेला की जणू तिथे कधी कुणी थांबलंच नव्हतं.

शनिवारी अकराला गाडी पास झाली. मागच्या सीटवर माझ्या चार पेट्या होत्या. "रस्त्यावर एकदा पाहून घेऊ," म्हणत तो शेजारी बसला. गावाबाहेरच्या पेट्रोलपंपापर्यंत, एवढंच ठरलं. मावशीचे डोळे अधू झाले होते, गॅरेज त्याच्यावर होतं. मला राहायचं नव्हतं. हे दोघांनाही न सांगता माहीत होतं. चेहरा आता अगदी जवळ होता. झोपेत दात खाणारा नव्हता तो. माझी टाचणी त्याच्या कॉलरला होती. मी मागितली नाही, त्याने दिली नाही.

तळ्याकाठचा रस्ता लागला. पंचेचाळीसची पाटी मागे गेली. मागून एका ट्रकने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने. त्याने माझ्या पायाकडे पाहिलं, मग वेगाच्या काट्याकडे.

"इलोना... सेन्सर नवा आहे. इथेच पाय ठेवलास तर इथेच झिजेल."

"झिजू दे."

पंपापाशी तो उतरला आणि पावसात, खिशात हात घालून उभा राहिला. मी निघाले. आरशात तो लहान होत गेला... पण सावकाश. पंचविसाने माणूस फार वेळ दिसत राहतो.